भारी पाय पलंगाखाली का जातो

मी प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट आहे म्हटलं की निम्म्या लोकांना वाटतं दातांचं काहीतरी. हसू नका, खरंच होतं असं. मग सांगावं लागतं, बाबा, हात किंवा पाय गेलाय त्याला नवीन करून देतो तो प्रोस्थेटिस्ट, आणि पाय आहे पण साथ देत नाही, पाठ वाकतेय, अशांना आधार करून देतो तो ऑर्थोटिस्ट.

आता पेशंट येतात ते मोबाईलवर व्हिडिओ घेऊनच. कार्बन फायबरचा पाय, कॉम्प्युटरवाला गुडघा, मला हेच पाहिजे. असू दे, चांगल्याच गोष्टी आहेत. पण मी आधी स्टम्प, म्हणजे पाय कापल्यावर उरलेला भाग, बघतो, कारण पाय कितीही भारी आणा, शरीराला तो जोडला जातो सॉकेटमधून, म्हणजे स्टम्प ज्यात बसतो त्या कपातून, आणि सॉकेट टोचलं की तो भारी पाय पलंगाखाली जातो, संपलं.

गुडघ्याखालचा पाय गेलेल्याचं माप घेताना प्लास्टरची पट्टी गुंडाळण्याआधी मी खास पेन्सिलने खुणा करतो, इथे नडगीची धार, इथे बाहेरच्या बाजूला फिब्युलाचं, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं, डोकं, इथे गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन. त्या खुणा साच्यात आतून उमटतात, मग साच्यात प्लास्टर ओतलं की स्टम्पची हुबेहूब नक्कल हातात येते. सॉकेट बनतं ते या नकलेवर, पण हुबेहूब सॉकेट चालत नाही बरं का! टेंडन वजन पेलतो म्हणून तिथलं प्लास्टर खरवडायचं, फिब्युलाच्या डोक्याला दाब सहन होत नाही म्हणून तिथे उलट चढवायचं, सगळा खेळ काही मिलिमीटरचा. हल्ली हे स्कॅनर लावून स्क्रीनवरही करतात, तरी कुठे कमी करायचं आणि कुठे वाढवायचं ते माणसालाच कळावं लागतं.

आणि पाय दिला की काम संपलं असं नाही, उलट तिथून सुरू होतं. ऑपरेशननंतर सूज उतरत जाते, स्टम्प बारीक होतो, सॉकेट ढिलं पडतं, आणि पेशंटला वाटतं आपल्याला फसवलं. मग मोज्यावर मोजा चढवायचा, ते पुरेनासं झालं की नवीन सॉकेट. घरी रोज पाय काढल्यावर त्वचा बघा म्हणून सांगतो. लाली थोड्या वेळात गेली तर ठीक, तशीच राहिली तर दुसऱ्या दिवशी पाय चढवायचा नाही, आमच्याकडे यायचं.

ऑर्थोसिसचंही, म्हणजे आधार देणाऱ्या पट्ट्या-ब्रेसचंही, तसंच. पाठीच्या बाकाचा, म्हणजे स्कोलिओसिसचा, अमेरिका आणि कॅनडातला एक मोठा अभ्यास २०१३ साली आला, त्यात ब्रेसमध्ये तापमानाचा सेन्सर बसवला होता, म्हणजे घातला की नाही ते कळतंच, थाप मारायची सोय नाही. रोज सरासरी १३ तास किंवा जास्त घालणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांच्या वर मुलांचा बाक ऑपरेशनपर्यंत वाढला नाही. हे ऐकलं की आईवडील मुलांना रागवायला लागतात, घाल घाल म्हणून. अरे, पण का काढतात ते विचारा ना.

एक मुलगी आली होती, आई म्हणे ऐकतच नाही, शाळेतून आली की ब्रेस कोपऱ्यात. मी तिला उभी नाही केली, खुर्चीत बसवली. पुढची खालची कड मांडीत घुसत होती, शाळेत दिवसभर बसून बसून तिथे लाल वळ उठलेला, आणि तिने तो कुणाला दाखवलाच नव्हता. मशीनवर कड थोडी घासली, परत घातलं, परत बसवलं. ती काही बोलली नाही, तशीच खाली वाकून बुटाची लेस बांधता येते का बघायला लागली.