फूल दिसायच्या आत

नमस्कार श्रोतेहो. पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले, की बांधावर जाऊन जरा खाली वाकून बघा. गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पानं जमिनीला चिकटून पसरलेली दिसतील. तेच गाजरगवत. कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. नावात गाजर असलं तरी ते गाजराच्या कुळातलं नाही, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. खरं रानगाजर मूळचं युरोप-आशियातलं. ते अमेरिकेत गेलं आणि तिकडे तण म्हणून माजलं. हे मात्र अमेरिकेतून इकडे आलं. 1955 च्या सुमारास ते पुण्यात नजरेत भरलं. आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात.

त्याला उकरलेली, उघडी जमीन लागते. दाट गवतात, सावलीत त्याचं फारसं चालत नाही. म्हणून चारी खणली, पाइपलाइन टाकली, प्लॉट मोकळा ठेवला, की तिथे आधी हेच हजर. ओल मिळाली की महिना-दीड महिन्यात फूल येतं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही निफाडच्या द्राक्षबागेसाठी बाहेरून शेणखताच्या दोन ट्रॉल्या घेतल्या. खत दिसायला चांगलं कुजलेलं. पण पुढे ठिबकच्या नळीखाली ओळीनं गाजरगवत उगवलं. कामाच्या गडबडीत ते राहून गेलं आणि फुलावर आल्यावर आम्ही उपटून बांधावर फेकलं. तीच मोठी चूक. पुढच्या पावसाळ्यात अख्खा बांध पांढरा झाला. उघड्या हातांनी उपटल्यामुळे आईच्या हातांना, मानेला अशी खाज सुटली की तिला रात्रभर झोप नसायची.

एक फूल तळहातावर घेऊन बघा. साबुदाण्याएवढं, पाच टोकांचं. त्यात पाच बिया. एका झाडाला 10 ते 25 हजार बिया धरतात. फुललेलं झाड ओढून नेलं, की वाटभर पेरणीच होते.

म्हणून फुलाआधी, वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर असेल पण चिखल नसेल तेव्हा, हातमोजे घालून मुळासकट उपटा. विळ्यानं कापलं तर बुडखा पुन्हा फुटतो. फुलाआधीचं झाड शेणकाल्याबरोबर खड्ड्यात कुजवलं तर खत चांगलं होतं. रिकाम्या जागेत टाकळ्याचं बी फेका, तो दाटला की हे दबतं. आणि पानांची जाळी झालेली, त्यावर काळपट रेघांचे फिकट भुंगे दिसले, तर तिथे काही फवारू नका. तो गाजरगवताची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा. 1984 मध्ये बंगळूरला तो याच कामासाठी सोडला होता.

दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला गाजरगवत जागृती सप्ताह असतो. त्याची वाट बघत बसू नका, जूनमध्ये उगवलेलं झाड तोवर फुललेलं असतं. आम्ही यंदा रोज सकाळी दोन तास देऊन आषाढी एकादशीच्या आत बांध पुरा करणार आहोत. आईसाठी मोजे आणून ठेवलेत.