पर्णरंध्रांचा जमाखर्च

पानाच्या खालच्या बाजूचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की रंगहीन पेशींच्या पसाऱ्यात घेवड्याच्या दाण्यासारख्या पेशींच्या जोड्या ठिकठिकाणी दिसू लागतात. याच रक्षकपेशी, आणि त्यांच्यामधली बारीक फट म्हणजे पर्णरंध्र. उजेड पडला की पोटॅशियमचे आयन रक्षकपेशींत शिरतात, त्यांच्यामागोमाग पाणी येते, पेशी फुगून बाहेरच्या बाजूला वाकतात आणि फट उघडते. पाणी ओसरले की ती मिटते.

भोवतालचे हवामान बदलल्यावर वनस्पतीचे काय होणार, या प्रश्नाचा मोठा भाग या फटीपाशी येऊन थांबतो. कार्बन डायऑक्साइड आत येण्याची आणि वाफ बाहेर जाण्याची वाट एकच असल्यामुळे, अन्न मिळवायचे तर पाणी गमावावेच लागते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक पाणी बाष्पोच्छ्वासात निघून जाते. मात्र त्याला निव्वळ उधळपट्टी म्हणता येणार नाही, कारण तळपत्या उन्हात पान थंड राहते ते या वाफेमुळेच.

जमिनीतली ओल कमी झाली, की वनस्पतीच्या शरीरात ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते आणि त्याच्या इशाऱ्यावर पर्णरंध्रे मिटतात. ती किती लवकर मिटावीत, याबाबत मात्र वनस्पतींमध्ये एकवाक्यता नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात पिन्यन पाइन आणि जुनिपर हे दोन वृक्ष शेजारी शेजारी वाढतात. पाणी कमी पडू लागताच पाइन पर्णरंध्रे मिटून घेतो. जुनिपर मात्र माती बरीच कोरडी होईपर्यंत ती काही प्रमाणात उघडी ठेवतो, कारण त्याच्या जलवाहिन्या पाण्याचा प्रचंड ताण सोसू शकतात. २००२-०३ च्या दुष्काळात पाइन मोठ्या प्रमाणावर मेले, जुनिपर मात्र त्यामानाने पुष्कळच तगले. पाइनच्या मृत्यूत उपासमारीचा वाटा किती, जलवाहिन्या निकामी होण्याचा किती आणि साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचा किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण सावधपणा दीर्घ दुष्काळात महागात पडू शकतो, एवढे त्यातून नक्की दिसते.

जुनिपरच्या धाडसालाही मर्यादा आहेच. जलवाहिनीतील पाणी खालून ढकलले जात नाही, ते वरून ओढले जाते. ताण हाताबाहेर गेला की त्या स्तंभात हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती वाहिनी बंद पडते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८१ ठिकाणच्या २२६ वृक्षजाती तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांपैकी सुमारे ७० टक्के जाती या धोक्याच्या रेषेपासून अगदी थोड्या अंतरावर जगत असल्याचे आढळले. त्यात भरपूर पावसाच्या जंगलांतील जातीही होत्या. हवा एका अंश सेल्सिअसने तापली, की तिची वाफ सामावून घेण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे पाऊस तेवढाच पडला तरी पानांवरची ओढ वाढू शकते.

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढल्याने वनस्पतींचे फावेल, असे म्हणणारे अर्धेच खरे बोलतात. औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला हा वायू आता ४२० च्या पुढे गेला आहे, आणि तो सहज मिळू लागल्यावर पर्णरंध्रे कमी उघडली तरी भागते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वुडवर्ड या शास्त्रज्ञाने संग्रहातील जुन्या पानांवरील पर्णरंध्रे मोजली, तेव्हा २०० वर्षांत त्यांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पाणी वाचले खरे, पण वाफ कमी झाल्याने पान अधिक तापते. शिवाय अशा हवेत वाढवलेल्या गहू-तांदळाच्या दाण्यांत प्रथिने, लोह आणि जस्त यांचे प्रमाण घटते.

तापमानाची अडचण आणखी आत, हरितलवकापर्यंत पोहोचते. कार्बन पकडणारे रुबिस्को हे विकर उष्णतेत कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनला अधिक वेळा पकडू लागते आणि मिळवलेल्या कार्बनचा काही भाग वाया जातो. मका, ज्वारी आणि ऊस या पिकांनी रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवण्याची सोय केली आहे. गहू आणि भात यांच्याकडे ती नाही.

भाताची खरी कसोटी मात्र फुलोऱ्यात लागते. त्याचे फूल साधारण सकाळी, तासा-दोन तासांपुरतेच उमलते. तेवढ्यात तापमान ३५ अंशांच्या वर गेले, तर परागकण नीट सुटत नाहीत आणि दाणा पोकळ राहतो. ओरायझा ऑफिसिनॅलिस या रानटी भाताची फुले पहाटेच उमलतात. त्याचा हा गुण लागवडीच्या जातींत आणण्याचे काम संशोधकांनी केले असून, अशी रोपे उन्हाचा चटका वाढण्याआधीच फुलोरा उरकतात. रात्रीच्या उकाड्यावर मात्र या युक्तीचा उपयोग नाही: रात्री श्वसन वाढून दिवसभर साठवलेली शर्करा खर्च होते, आणि तो खर्च फूल कधी उमलते यावर अवलंबून नसतो.