आपल्या कृपेने

[दृश्य : परीक्षा केंद्र. पार्टिशन घातलेल्या टेबलांच्या रांगा, प्रत्येकासमोर संगणक, कानांवर हेडफोन.]

एक मुलगी उतारा वाचतेय. वेळ मोजका आहे, घड्याळ पडद्यावरच पळतंय. तेवढ्यात उशिरा आत आलेला शेजारचा मुलगा बोलायला लागतो, "मी बीजिंगमध्ये राहतो. बीजिंग फार मोठं शहर आहे..." मग पलीकडून शांघाय, मागच्या रांगेतून नानजिंग. माईक चालतो की नाही हे पाहायला संगणक सगळ्यांना एकच गोष्ट सांगतो : तुम्ही राहता त्या शहराचं वर्णन करा. याला गुण नाहीत. तरी संगणकावर टोफेल, म्हणजे परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा, दिलेल्यांच्या डोक्यात हे वाक्य कायमचं बसलंय.

चिनी भाषेत टोफेलचं नाव तुओफू. उच्चार जुळवला, पण अक्षरंही शोधून काढली. कुणी "कसं काय, बरं आहे ना?" म्हटलं की जुन्या वळणाचा माणूस म्हणतो, "आपल्या कृपेने." त्या उत्तरातलीच ही दोन अक्षरं. आयेल्ट्स ही तशीच दुसरी इंग्रजीची परीक्षा. ती झाली यासी, आणि ती देणारे स्वतःला 'खाओया' म्हणतात. खाओ म्हणजे परीक्षा देणं. ऐकणाऱ्याला वाटतं, भाजलेलं बदक. परीक्षेच्या भट्टीत आपलं काय होतं, हे पोरांनी एका शब्दात सांगून टाकलंय.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. सायकलींनी भरलेले रस्ते, विद्यापीठाचं फाटक.]

चीनमध्ये पहिली टोफेल झाली डिसेंबर 1981मध्ये. माओच्या काळातली सांस्कृतिक क्रांती संपून पाचच वर्षं झाली होती. अमेरिकेत एम.एस. किंवा पीएच.डी.ला जायचं, तर ही परीक्षा आणि तिच्या जोडीला जीआरई, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाची प्रवेशपरीक्षा. तेव्हाची टोफेल कागदावरची. कॅसेट ऐका, व्याकरण सोडवा, उतारे वाचा. गुण जास्तीत जास्त 677. तोंड मात्र एकदाही उघडायचं नाही.

वाचता येतं, लिहिता येतं, पण बोलता येत नाही, अशा इंग्रजीला चिनी लोक 'याबा यिंग्यू' म्हणतात. मुकं इंग्रजी. दोष नेहमी विद्यार्थ्यांच्या माथी मारला जातो. पण परीक्षा तरी कुठे बोलकी होती?

हा मुकेपणा उघडा पडायचा तो तिकडे गेल्यावर. भौतिकशास्त्राच्या किंवा गणिताच्या विभागात शिष्यवेतन मिळायचं, आणि त्याच्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या अमेरिकन पोरांना शिकवायचं. हातात खडू, समोर वर्ग, आणि शब्द फुटत नाही. परदेशी शिक्षक-सहायकांचं बोलणं कळत नाही, अशा तक्रारी वाढल्या. 1980च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी त्यांच्या इंग्रजीसाठी कायदेच केले.

[दृश्य : बीजिंगमधला विजेचा खांब, त्यावर जाहिरातींचे थर.]

यू मिनहोंग हा जियांगसू प्रांतातला खेड्यातला मुलगा. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला, 1980मध्ये, बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठात पोचला. पुढे तिथंच इंग्रजी शिकवू लागला. त्यालाही अमेरिकेला जायचं होतं. व्हिसा मिळाला नाही. मग त्याने इतरांना पाठवायचा धंदा काढला. खळ घेऊन आपल्या क्लासच्या जाहिराती तो स्वतः खांबांवर चिकटवत फिरायचा, असं सांगतात. 1993मध्ये त्याची 'न्यू ओरिएंटल' ही संस्था सुरू झाली. एकेका वर्गात शेकडो मुलं. जीआरईच्या शब्दांच्या त्याच्या पुस्तकाला मुलांनी नाव दिलं 'होंगबाओशू', लाल रत्नपोथी. एका पिढीआधी हेच नाव माओच्या वचनांच्या पुस्तकाला होतं.

पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनीही या शब्दयाद्या घोकल्यात. फरक इतकाच, की ती चार वर्षं इंग्रजीतूनच शिकलेली असायची.

2001मध्ये टोफेल आणि जीआरई घेणाऱ्या ईटीएस या अमेरिकी संस्थेने न्यू ओरिएंटलला बीजिंगच्या न्यायालयात खेचलं. आरोप : आमच्या प्रश्नपत्रिका छापून विकता. 2004मध्ये वरच्या न्यायालयाने स्वामित्वहक्काचा भंग मान्य केला आणि सुमारे 64 लाख युआन भरपाई ठरवली. क्लास बुडाला वगैरे नाही. दोनच वर्षांनी न्यू ओरिएंटलचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले.

[दृश्य : रात्र. वसतिगृहाची खोली, पडद्याचा उजेड, कीबोर्डवर बोटं.]

दरम्यान जीआरई संगणकावर गेली होती. प्रश्नांचा साठा मर्यादित, तेच प्रश्न फिरून फिरून यायचे. मुलं बाहेर पडून आठवतील ते प्रश्न लिहून ठेवायची. याला म्हणतात 'जीजिंग'. जी म्हणजे यंत्र, जिंग म्हणजे अनुभव. आणि बौद्ध सूत्रांनाही हेच अक्षर. एकाला तीन प्रश्न आठवतात, दुसऱ्याला पाच. शंभर जणांनी मिळून पोथी तयार. शब्दांच्या भागातले गुण इतके चढले, की 2002मध्ये ईटीएसने चीनमधली संगणकावरची जीआरई थांबवून पुन्हा कागद आणला. फसवणूक? नियमाने होय. पण त्याआधी शाळेत बारा वर्षं पाठांतराचंच कौतुक झालं होतं, हेही विसरू नये.

तोतयांची गोष्ट मात्र वेगळी. 2015मध्ये अमेरिकेत 15 चिनी नागरिकांवर खटला भरला गेला : बनावट पासपोर्ट दाखवून दुसऱ्याच्या नावाने परीक्षेला बसल्याचा. तिथं आठवणीचा प्रश्नच उरत नाही.

[दृश्य : पुन्हा परीक्षा केंद्र. माईकचा क्लोजअप.]

2006मध्ये चीनमध्ये इंटरनेटवरची टोफेल आली. गुण 120पैकी, त्यातले 30 बोलण्याचे. मुक्याला वाचा फुटायला हवी होती. क्लासवाल्यांनी उत्तरांचे साचे काढले. 45 सेकंदांचं उत्तर : पहिलं वाक्य ठरलेलं, दोन कारणं ठरलेली, मैत्रिणीचा किस्साही ठरलेला. मधे फक्त विषय घालायचा. बोलणंही पाठ करता येतं, हे परीक्षेच्या बहुधा लक्षातच आलं नव्हतं. प्राध्यापकांच्या आलं. पीएच.डी.चे अर्जदार निवडताना त्यांनी व्हिडिओ कॉल लावायला सुरुवात केली.

जानेवारी 2026पासून टोफेल पुन्हा बदलली. आता गुण 1 ते 6. बोलण्याच्या भागात एक मुलाखत आहे. प्रश्न येतो, आणि विचार करायला वेळ न देता लगेच उत्तर द्यायचं.

[दृश्य : मुलगी माईक तोंडाजवळ ओढते.]

मुलाखत घेणारा पडद्यावर दिसतो. तो आधीच रेकॉर्ड केलेला आहे.