बारापेडेचं वाघूळ

नमस्कार श्रोतेहो.

वळवाचा मोठा पाऊस झाला की आपल्याकडं बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या किडीचे, भुंगेरे जमतात. ऊस लावणाऱ्यांना हे मी सांगायला नको. दिवस मावळला की भुंगेरे जमिनीतून वर येतात, आणि किडे टिपायला वटवाघळं बाहेर पडायची वेळही तीच. दोन वर्षांमागं शिरोळकडच्या एका मळ्यात मी अशाच संध्याकाळी खाटेवर बसले होते. डोक्यावरून भराभर सावल्या जात होत्या. मळ्यातले आजोबा म्हणाले, "पाकोळ्या हायत त्या. रानाच्या राखणदार." वाघूळ केसात अडकतं, घरात शिरलं की अवदसा येते, असलंच ऐकत वाढलेल्या मला तो शब्द फार आवडला.

आज मी ज्या वाघळाबद्दल बोलणार आहे, ते मात्र आजोबांच्या शेतावर येत नाही. त्याचं घर कोल्हापूरपासून निम्म्या दिवसाच्या वाटेवर आहे. बेळगाव, मग खानापूर, आणि पुढं भीमगडच्या दाट जंगलात तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा. १९१३ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले ऑल्डफिल्ड थॉमस यांनी या गुहेतल्या वाघळाचं शास्त्रीय वर्णन केलं. नाव दिलं रॉटन यांचं. हे रॉटन मुंबई इलाख्यात वनखात्यात होते, आणि भारतातल्या सस्तन प्राण्यांच्या अभ्यासात त्यांनी मोठं काम केलं.

आणि त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं जगात दुसरीकडं कुठंही हे वाघूळ सापडलं नाही. एका अख्ख्या जातीचा माहीत असलेला पत्ता म्हणजे खानापूर तालुक्यातली एक गुहा! २००० च्या सुमारास कंबोडियात एक मिळालं, नंतर मेघालयातल्या गुहांतही दिसलं. तेव्हा कुठं अभ्यासकांच्या जिवात जीव आला.

दिसायला ते देखणं आहे. होय, देखणंच म्हणते मी. पाठीवर गडद तपकिरी, तुकतुकीत लव, मानेमागं राखाडी-पांढुरका पट्टा. कान एवढे मोठे की कपाळावर एकमेकांना जोडलेले, आणि टोपीच्या झालरीसारखे चेहऱ्यावर पुढं आलेले. शेपूट पंखाच्या पडद्यातून मोकळी बाहेर निघते, म्हणून हे मोकळ्या शेपटीचं वाघूळ. पंख लांब आणि अरुंद. त्यामुळं झाडीत घिरट्या घालणं त्याच्या कामाचं नाही. ते उघड्या आभाळात वेगानं उडत किडे टिपतं. असे पंख असले की सपाट जमिनीवरून उडणं जड जातं. उंच छताला लटकायचं, अंग खाली सोडून द्यायचं आणि पडता पडता पंख उघडायचे. म्हणजे उंच, शांत गुहा ही त्याची गरजच आहे.

वाघळाला उडणारा उंदीर म्हणतात, ते साफ चूक. उंदराची मादी वर्षात किती वेळा विते आणि एका वेळी किती पिल्लं घालते, ते आपण घरात बघतोच. या वाघळाच्या मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. गुहेत कुणी धूर केला, बॅटऱ्या मारल्या, आरडाओरडा केला, तर आया बिथरून उडतात आणि पिल्लं खाली पडतात. एका दुपारचं ते नुकसान भरून यायला वर्षं जातात.

कायद्यानं त्याला मोठा मान दिलाय. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते वाघाच्या पंगतीला बसलंय. हा मान अनेक वर्षं दोनच वाघळांना होता, दुसरं दक्षिणेतलं, पक्षीतज्ज्ञ सालीम अलींच्या नावाचं, फळं खाणारं. त्याच कायद्यात बाकीची फळं खाणारी वाघळं मात्र उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी म्हणून मोजली जायची. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. फार उशीर झाला, असं माझं मत आहे. भीमगडलाही २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला.

एक गोष्ट मात्र मला टोचते. कुठली जात किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत हे वाघूळ एके काळी अतिसंकटग्रस्त होतं. आता त्याच्यासमोर लिहिलंय, 'पुरेशी माहिती नाही'. ऐकणाऱ्याला वाटतं, चला, धोका टळला. तसं नाही हो. आजाऱ्याचे रिपोर्ट आलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

बारापेडेला जायचा बेत कृपा करून करू नका. वाघळं बघायचीच असतील तर पन्हाळ्याच्या बाजूला जा. एखाद्या कपारीतून तो उग्र दर्प आला की आत शिरू नका, बॅटरीही लावू नका. बाहेर जरा लांब, गप्प बसा. सूर्य बुडाल्यावर आधी एक येतं, घुटमळतं. मग दोन-तीन. मग एकदम इतकी, की मोजता मोजता अंधार पडतो.

नमस्कार.