जिवंत जिवाणू, निर्जीव जिवाणू: प्रोबायोटिक आणि पोस्टबायोटिक

(इंदूर येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मे महिन्यात इंदूरचा पारा 42 अंशांवर जातो आणि प्रोबायोटिकची, म्हणजे फायद्यासाठी घ्यायच्या जिवंत सूक्ष्मजीवांची, पाकिटं स्कूटरच्या डिकीत तासन्‌तास पडून असतात. लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूलमध्ये जिवाणू सुकवलेले असले तरी जिवंत असतात. उष्णता आणि ओल लागली की ते भराभर मरतात. म्हणून खोक्यावरचा सीएफयूचा (जिवंत जिवाणूंच्या संख्येचा) आकडा उत्पादनाच्या दिवसाचा आहे की मुदत संपेपर्यंतचा, हे आधी बघा. बॅसिलस क्लॉसी या जिवाणूचे बीजाणू (कडक कवचातलं सुप्त रूप) मात्र चिवट. त्यांना फ्रिज लागत नाही.

पोस्टबायोटिकमध्ये जिवाणू मुद्दाम निर्जीव केलेले असतात. 2021 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येत निर्जीव सूक्ष्मजीव किंवा त्यांचे घटक येतात, पण फायदा सिद्ध झालेला हवा. जिवाणू तयार करतात ते ब्युटिरेट नावाचं आम्ल नुसतं शुद्ध रूपात घेतलं, तर ते त्यात बसत नाही.

मेलेला जिवाणू काम कसा करतो? त्याच्या भिंतीवरची प्रथिनं आतड्याच्या पेशींना आणि प्रतिकारशक्तीला संदेश देतात. अक्करमॅन्सिया या आतड्यातल्या जिवाणूचं उदाहरण घ्या. 70 अंशांवर 30 मिनिटं तापवूनही त्याचं एक बाह्य प्रथिन टिकतं. 2019 मध्ये बेल्जियमच्या छोट्या चाचणीत जादा वजनाच्या लोकांना रोज 1000 कोटी असे जिवाणू तीन महिने दिले, तेव्हा त्यांची इन्शुलिनला साथ देण्याची क्षमता सुधारली. तोच जिवाणू ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) 121 अंशांवर मारला, तर उंदरांत फायदा दिसला नाही. म्हणजे तो कसा मारला, हाच कळीचा मुद्दा. जर्मनीत आयबीएसच्या (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा आतड्याचा विकार) 443 रुग्णांवरच्या चाचणीत उष्णतेनं निर्जीव केलेल्या बिफिडोबॅक्टेरियमनं आठ आठवड्यांत 34 टक्क्यांना आराम पडला; औषध नसलेल्या नकली गोळीनं 19 टक्क्यांना. फरक खरा आहे, पण दोन तृतीयांश लोकांना उपयोग झाला नाही, हेही लक्षात ठेवा.

आता आपली कढी. उकळली की दह्यातले जिवाणू मरतात, म्हणून तिला पोस्टबायोटिक म्हणायचं का? माझ्या मते नाही. जिवाणूची जात, मात्रा, चाचणी, काहीच ठरलेलं नाही. शिवाय दूध न पचणाऱ्याला ताजं दही सोसतं, कारण त्यातल्या जिवाणूंचं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) पोटात दुधातली साखर फोडतं. कढीत ते विकर नष्ट होतं, उरलेली दुधाची साखर मात्र तशीच राहते. अशा माणसानं ताक न तापवता घ्यावं.

अँटिबायोटिक चालू असेल तर जिवाणूंचं प्रोबायोटिक निदान दोन तासांच्या अंतरानं घ्या. सॅकरोमायसिस हे यीस्ट असल्यानं अँटिबायोटिकनं मरत नाही, मात्र बुरशीविरोधी औषधानं मरतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ, केमो घेणारा किंवा मोठ्या शिरेत नळी असलेला रुग्ण यांच्या रक्तात जिवंत जिवाणू शिरून गंभीर संसर्ग होऊ शकतो. निर्जीवांत तो धोका नाही, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको. आणि मुलाला जुलाब लागले तर आधी ओआरएस आणि झिंक; सहा महिन्यांवरच्याला झिंक रोज 20 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस.