भाकरीतलं लोह आणि लिंबाची फोड

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'क जीवनसत्त्व : स्कर्व्हीपलीकडे'. स्कर्व्ही म्हणजे क जीवनसत्त्व कमी पडल्यानं होणारा आजार, त्याची गोष्ट इथं बहुतेकांना ठाऊक आहे. 1747 साल, जहाजावरचे डॉक्टर जेम्स लिंड, हिरड्या सुजलेले खलाशी आणि संत्री-लिंबं. ती मी पुन्हा सांगत नाही, अम्मापासून सुरुवात करते.

आमची अम्मा विड्या वळायची. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं लहानपण गेलंय त्यांना डोळ्यांसमोर दिसेल. मांडीवर सूप, त्यात मापाला लावून कापलेली तेंदूची पानं, बाजूला तंबाखू आणि बोटांत दोरा. हजार विड्या झाल्याशिवाय उठायचं नाही. दुपारी ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि लगेच वर कपभर चहा, म्हणजे पुन्हा बसायला तरतरी. तोंड पांढरंफटक पडलेलं, चार पायऱ्या चढली की धाप. दवाखान्यात नेलं तर हिमोग्लोबिन सात. लोहाच्या गोळ्या दिल्या, 'रोज एक' म्हणाले. कधी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची, अवाक्षर नाही. गोळीनं मळमळायचं, म्हणून अम्मा ती चहाच्या घोटाबरोबर गिळायची. चार महिन्यांनी तपासलं तर साडेसात. तिथल्या बाईंनी भर रांगेत सुनावलं, "तुम्ही गोळ्या घेतच नाही, फेकून देता." अम्मा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेली सगळी रिकामी पाकिटं घेऊन ती पुन्हा त्याच रांगेत उभी राहिली. ती पाकिटं बघायलाही कुणाला वेळ नव्हता. इतकी वर्षं झाली, तरी मला त्याचा राग येतो.

चूक चहाची होती. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही. अम्मानं चहा दोन तास लांब ठेवला आणि रक्त वाढायला लागलं. 'गोळीवर लिंबू पिळून प्यायली का?' असं मला नेहमी विचारतात. गोळीतलं लोह बहुधा फेरस, म्हणजे आतड्याला सहज उचलता येणाऱ्या रूपातच असतं, त्यामुळे तिथं लिंबानं फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो ताटात.

शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 4 मिलिग्रॅम लोह असतं. पण ते फेरिक, म्हणजे आतड्याला सहज न उचलता येणाऱ्या रूपात, आणि दाण्यातल्या फायटेट नावाच्या द्रव्यानं जखडलेलं. क जीवनसत्त्व त्याला फेरस करतं, विरघळलेलं ठेवतं, म्हणजे आतडं ते उचलू शकतं. अट एकच, दोन्ही एकाच जेवणात पोटात गेली पाहिजेत. सकाळचा पेरू रात्रीच्या भाकरीच्या कामाचा नाही. आणि अर्ध्या लिंबात क जीवनसत्त्व जेमतेम दहा मिलिग्रॅम. लिंबू पिळाच, पण त्याच्या जोडीला कच्च्या कोबीची कोशिंबीर हवी, पेरूच्या दोन फोडी हव्यात. पेरूत शंभर ग्रॅममागे दोनशेच्या वर असतं. आमटी उकळताना लिंबू पिळू नका, उष्णतेनं ते जीवनसत्त्व नासतं. ताटात वाढल्यावर पिळा.

दहाच मिनिटं राहिली अशी चिठ्ठी आली आहे, आणि छापलेला विषय अजून तसाच आहे. भराभर सांगते.

पहिलं कोलॅजन. सूत ज्यांनी हाताळलंय त्यांना हे चटकन कळेल. कोलॅजन हे कातडी, हिरड्या जोडून ठेवणारं प्रथिन, म्हणजे तीन पदरांचा पीळ. त्यातल्या प्रोलिन आणि लायसिन या अमिनो आम्लांवर हायड्रॉक्सिल गट बसले तरच पीळ घट्ट राहतो. ते बसवणाऱ्या विकरातलं, म्हणजे एन्झाइममधलं, लोह कामाचं ठेवतं ते क जीवनसत्त्व. पीळ सुटला की जखम भरत नाही, हिरड्यांतून रक्त येतं.

दुसरं, कार्निटिन. स्नायूंना चरबी जाळायला ते लागतं आणि ते तयार करायलाही क जीवनसत्त्व लागतं. स्कर्व्हीत सगळ्यात आधी थकवा येतो, त्याचं एक कारण बहुधा हेच.

तिसरं, डोपामिनपासून नॉरॲड्रेनलिन बनवणं, ही दोन्ही मज्जातंतूंचे निरोप पोचवणारी रसायनं. शास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जी यांना 1928 साली क जीवनसत्त्व मिळालं ते मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींत, आणि आजही शरीरात त्याचा मोठा साठा तिथंच सापडतो. 1937 साली त्यांना नोबेल मिळालं. पांढऱ्या पेशीही रक्तद्रवापेक्षा कितीतरी पट जास्त क जीवनसत्त्व साठवतात.

शेळी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवते. आपल्यात त्यासाठीचं शेवटचं विकर बनवणारं जनुक मोडलेलं आहे, म्हणून रोज खावं लागतं. पुरुषाला 80 मिलिग्रॅम, बाईला 65.

सर्दीचं म्हणाल, तर 1970 मध्ये रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग यांनी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा आग्रह धरला. पुढच्या चाचण्यांत दिसलं ते इतकंच की रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर आटोपते. सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही. उलट हजार-दोन हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज घेतल्या तर ऑक्झलेट वाढून मुतखड्याचा धोका, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात आधीच पाणी कमी पडतं.

एक सांगायचं राहिलं. घरात थॅलसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, वारंवार रक्त चढवावं लागणारं मूल असेल, तर त्याच्या शरीरात लोह आधीच जास्त साठलेलं असतं. त्याच्या ताटाचं त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.