ऑर्व्हाल: बिअर विकून उभा राहिलेला मठ

बेल्जियमच्या पार दक्षिणेला, फ्रान्सच्या बॉर्डरजवळच्या जंगलात हा ऑर्व्हालचा मठ. एकीकडे छप्पर उडालेल्या कमानी, पडके खांब, आणि त्याच आवारात ते भलंमोठं नवं चर्च. हे नवं उभं राहिलं त्यात बिअरचा मोठा हात आहे बरं का.

इथे पहिले साधू आले ते इटलीहून, साधारण १०७० मध्ये. ११३२ पासून सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचे साधू राहायला लागले, शेती केली, लोखंडाच्या भट्ट्या चालवल्या, चांगली भरभराट झाली आणि १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने सगळं पेटवून दिलं. पुढे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ नुसते अवशेष.

१९२६ मध्ये द हारेन कुटुंबाने ही जागा साधूंना परत दिली. पण एवढा मठ बांधायचा म्हणजे पैसा आणायचा कुठून? बेल्जियमच्या पोस्टाने १९२८ आणि १९३३ मध्ये खास तिकिटं काढली, छापील किमतीच्या वर जे पैसे यायचे ते बांधकामाला. आणि १९३१ मध्ये मठातच ब्रुअरी सुरू केली, तीही याच कामासाठी. पहिला ब्रूमास्टर, म्हणजे बिअर बनवणारा मुख्य माणूस, जर्मन, मार्टिन पापेनहायमर, आणि कामाला पहिल्यापासून बाहेरची पगारी माणसं. साधूंनी देखरेख ठेवली आणि हातचं काम जाणकारांवर सोडलं, मला तर हे फारच शहाणपणाचं वाटतं. मठाचे आर्किटेक्ट हेन्री व्हास, त्यांनी या बिअरचा ग्लाससुद्धा डिझाईन केला!

आता खरी गंमत टाकीत. पहिलं आंबवणं झालं की हॉप्सची (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेल) वाळलेली फुलं पिशव्यांत भरून थंड बिअरमध्ये सोडतात, सोबत ब्रेटानोमायसिस नावाचं जंगली यीस्ट, जे बाकीचे बहुतेक बिअरवाले आपल्या ब्रुअरीत पाऊल टाकू देत नाहीत. इथे तेच मुद्दाम घालतात, साधारण तीन आठवडे तसंच राहू देतात, मग बाटलीत भरताना थोडी साखर आणि ताजं यीस्ट, की बाटलीतही काम चालूच. त्यामुळे ही बिअर लोणच्यासारखी मुरते. ताजी असताना हॉप्सचा कडवट, फुलांचा वास येतो, सहा महिन्यांनी तो मागे पडतो आणि चामड्यासारखा, ओल्या गवतासारखा वास वर येतो, चव कोरडी होत जाते. बिअर तीच, अल्कोहोल ६.२ टक्के.

बाहेर विकायला मठाची ही एकच बिअर. इथले साधू ट्रॅपिस्ट, म्हणजे सिस्टर्शियनांमधल्या एका कडक शाखेचे; बिअरला ‘ट्रॅपिस्ट’ म्हणवून घ्यायचं तर बिअर मठाच्या आवारातच, साधूंच्या देखरेखीखाली बनली पाहिजे आणि नफा मठाच्या गरजांना आणि समाजकार्याला गेला पाहिजे, त्यामुळे मागणी आहे म्हणून दुसरीकडे कारखाना टाकता येत नाही.

लेबलवर बाटली कधी भरली ती तारीख असते, तेवढी आधी बघायची. बेल्जियममधल्या काही बारमध्ये तर ऑर्डर घेतानाच विचारतात, ताजी देऊ की जुनी?